रुसलेल्या देवीच्या टेकडीवर

९ ऑक्टोबरला तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन सकाळी सहाच्या आत येतो. मी पुण्यात, डोळेही धड उघडलेले नसतात. "आज टीएचा दिवस हाय, ध्यानात हाय न्हवं?" एवढंच विचारतात. मी हो म्हटलं की "बरं, ठेवतो" म्हणून ठेवून देतात. माझ्या वाढदिवसाला त्यांचा असा फोन येत नाही, दिवाळीलाही नाही. त्या दोन्ही दिवशी आई फोन लावते आणि ते मागून काहीतरी बोलतात. वर्षातून हा एकच फोन ते स्वतः, स्वतःच्या हातानं लावतात.

टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, प्रादेशिक सेना. आपला कामधंदा, शेतीवाडी सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी चढवायची, शिकलेलं विसरू द्यायचं नाही, आणि देशाचं बोलावणं आलं की हातातलं काम तिथंच ठेवून निघायचं, अशा माणसांचं हे सैन्य. त्याचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याचं उद्घाटन केलं. गांधीजींच्या मुशीत घडलेल्या, आयुष्यभर खादी वापरलेल्या माणसाच्या हातून एका सैन्याची सुरुवात व्हावी, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. वार काढून पाहिला तर त्या दिवशी रविवार होता. मला ते फार आवडलं. टीएच्या शहरी तुकड्यांतली माणसं सुटीच्या दिवशीच परेडला जमतात. कुणी बँकेतला, कुणी दुकानातला. आठवडाभर राबायचं आणि लोक आराम करतात त्या दिवशी बूट घालायचे. तिथं चार तासांची परेड झाली की एक दिवस भरला असं धरतात.

तात्या मात्र गावाकडच्या तुकडीतले. तिथला हिशेब वेगळा. भरती झाल्यावर तीस दिवसांचं शिक्षण आणि पुढं दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प.

तात्या १९८७ साली भरती झाले. घरची सव्वा एकर ऊसशेती, आणि त्याच्या जोडीला कोल्हापूरच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डरचं काम. टीएत जायचं तर स्वतःचं पोटापाण्याचं साधन असावं लागतं, ही अट आहे. देश तुम्हाला कायमचं पोसणार नाही, तुम्ही स्वतःच्या पायावर उभे आहात ना, हे आधी विचारून घेतो. कॅम्पचे दोन महिने आणि बोलावणीचा काळ तेवढा पगार मिळतो, फौजेतल्या जवानाला मिळतो तसाच. बाकीचे महिने आपली शेती नि आपली फाउंड्री.

गावात त्यांना "अर्धा मिलिटरी" म्हणायचे. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मला आता कळतं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. साताऱ्याकडं आपशिंगे मिलिटरी, इकडं शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी, गावाच्या नावातच फौज. पूर्ण नोकरी करून, पेन्शन घेऊन, बंगला बांधून परत आलेला सुभेदार लोकांनी पाहिलेला असतो. त्याच्याशेजारी हा माणूस, मार्चमध्ये वर्दीत दिसतो आणि जूनमध्ये गुडघाभर चिखलात. लोकांना त्याला कोणत्या खणात ठेवावं ते कळायचं नाही. लहानपणी मला त्या शब्दाचा राग यायचा, कारण त्यातला "अर्धा" मला ऐकू यायचा. तात्यांना बहुधा "मिलिटरी" ऐकू यायचं.

कॅम्पला जायच्या आदल्या रात्रीचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं अजून लख्ख आहे. माळ्यावरून काळी पत्र्याची ट्रंक खाली यायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. सोप्यात पोतं अंथरून तात्या बसायचे. एका बाजूला चेरी ब्लॉसमची डबी, दुसऱ्या बाजूला ब्रासो. बुटाला आधी ब्रश, मग ओल्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून लहान लहान गोल फिरवत राहायचे. खूप वेळ. बल्ब बुटाच्या टोकात उतरेपर्यंत. फाउंड्रीतल्या वाळूनं आणि उसाच्या पाचटानं त्यांची बोटं इतकी रापलेली असायची, की त्या चकचकीत चामड्यावर ती दुसऱ्याच कुणाची वाटायची. मी मध्येच विचारलं होतं, "आणि किती घासणार?" म्हणाले, "तिथं रोज वर्दी घालणारी माणसं असत्यात. आपण वर्षानं जातो. आपलं कमी दिसाया नगं." एवढ्या एका वाक्यात त्यांची सगळी एकोणीस वर्षं आहेत असं मला वाटतं.

कोल्हापूरची टीए बटालियन, १०९ इन्फन्ट्री बटालियन, मराठा लाइट इन्फन्ट्रीची. तिचा तळ टेंबलाईच्या टेकडीवर. कोल्हापूरकरांना ही टेकडी सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी तिची गोष्ट सांगते, कारण तात्यांच्या दिवसाचा विचार केला की मला दरवेळी तीच आठवते.

टेंबलाई म्हणजे त्र्यंबोली देवी. कथा अशी, की कामाक्ष नावाच्या राक्षसानं अंबाबाईला आणि सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं होतं. त्यांना सोडवलं ते त्र्यंबोलीनं, युक्तीनं त्याला मारून. मग विजयाचा सोहळा झाला. सगळ्यांना आवतण गेलं आणि त्र्यंबोलीला बोलवायचं राहून गेलं. जिच्यामुळं सोहळा, तीच राहिली. ती रुसली, शहराबाहेरच्या टेकडीवर गेली आणि अंबाबाईकडं पाठ करून बसली. चूक ध्यानात आल्यावर अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला टेकडीवर गेली. तेव्हापासून नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी लवाजम्यासह टेंबलाईला जाते. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्याच्या फोडीसाठी माणसांची झुंबड उडते. आदिशक्ती म्हणून जिच्या पायाशी सगळा मुलूख येतो, ती वर्षातून एकदा ज्या बहिणीला विसरली तिच्या दारी जाते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धघोषात शिवछत्रपतींच्या जयजयकारानंतर "टेमलाई माता की जय" येतं. ती हीच. आणि त्याच टेकडीवर टीएची माणसं वर्षाच्या वर्षाला येऊन राहतात. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही, पण जुळून आलंय खरं. ९ ऑक्टोबरच्या सुमाराला कधी नवरात्र चालू असतं, कधी दसरा होऊन गेलेला असतो. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला कूच, ही तर आपल्याकडची शिवकाळापासूनची रीत. पेरणी-लावणीचे हात आणि तलवारीचे हात वेगळे असतात असं आपल्या मातीनं कधी मानलेलं नाही. तात्या टीएला नवीन गोष्ट समजतच नाहीत. त्यांच्या लेखी ती जुनीच चाल, फक्त आता तिला नंबर आणि पगारपत्रक आहे.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि सीमेवर फौजा हलवायला सुरुवात झाली. ऑपरेशन पराक्रम. मी अकरा वर्षांची होते. आमचा ऊस तेव्हा गुऱ्हाळाला चालला होता. काहिलीवर तात्या उभे, रस उकळतोय, मळी काढणं चाललंय, आणि सायकलवरून चुलतभाऊ कागद घेऊन आला. तात्यांनी हात पुसून तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि काहील उतरेपर्यंत जागचे हलले नाहीत. गूळ साच्यात ओतल्यावरच घरी आले. आईला म्हणाले, "बोलावणं आलंय. ह्या बारीला कॅम्प न्हवं."

आईनं विचारलं, "कवा येनार?"

"सोडतील तवा."

कॅम्प आणि बोलावणं यातला फरक आम्हाला त्या वर्षी कळला. टीएच्या भाषेत बोलावणीवर घेणं म्हणजे एम्बॉडी करणं, घरी सोडणं म्हणजे डिसएम्बॉडी. हे शब्द आमच्या घरात आईसकट सगळे वापरतात. गावात दुसऱ्या कुणाला ते कळत नाहीत. एम्बॉडी झालेला माणूस फौजेतल्या कुठल्याही जवानासारखाच, तेच नियम, तोच धोका. पत्रावर पत्ता एकच, केअर ऑफ ५६ एपीओ. ते कुठं आहेत हे त्या पत्त्यावरून कळायचं नाही. मी शाळेतल्या नकाशात एपीओ नावाचं गाव शोधलं होतं. ते गाव नव्हे, फौजेचं टपाल ऑफिस, हे बाईंनी समजावून सांगितलं, तेव्हा कुठं मला रडू आलं. तोवर ते कुठल्यातरी गावात आहेत एवढा आधार होता.

मागं शेत होतं. ऊस तोडला तरी खोडवा राहतो, खोडव्याला पाणी लागतं. नदीचं पाणी बारा-पंधरा दिवसांच्या पाळीनं, आणि शेताची थ्री फेज लाईट बहुतेक वेळा रात्रीची. म्हणजे रात्री अकरा-बाराला उठायचं, बॅटरी घ्यायची, बांधावरून जायचं आणि पहाटेपर्यंत सरी बदलत पाण्यात उभं राहायचं. बाईमाणूस एकटं जात नसे तेव्हा. चुलते पहिल्या दोन पाळ्यांना गेले, पुढं त्यांचंच शेत पडलं. मग आई जायला लागली. मी एकदा म्हटलं, आजच्या रात्री नको जाऊस, पाऊस यायसारखा आहे. पदर खोचत म्हणाली, "पानी काय तुज्या बाची वाट बघत थांबतंय व्हय?" आणि गेली. लांब बांधावर तिच्या बॅटरीचा ठिपका हलताना दिसायचा. तो दिसतोय तोवर मी खिडकीत जागी राहायची. नंतर झोप लागायची आणि सकाळी ती चुलीपुढं असायची, पायाची बोटं पाण्यानं पांढरीफटक.

२००२ च्या ऑक्टोबरात फौजा मागं घ्यायचं ठरलं. तात्या दिवाळी होऊन गेल्यावर आले. वाळलेले, काळवंडलेले, बोलायला आधीपेक्षा कमी. आठ दिवसांनी फाउंड्रीत गेले तर त्यांच्या जागी दुसरा माणूस होता. अकरा महिने कुणी जागा धरून ठेवत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ते परत आले आणि गोठ्यात जाऊन बसले.

आता मला माहीत आहे, की टेरिटोरियल आर्मीच्या कायद्यात ७अ नावाचं कलम आहे. बोलावणीवर गेलेल्या माणसाला परत आल्यावर मालकानं कामावर घेतलं पाहिजे, आधीपेक्षा कमी प्रतीच्या अटींवर नाही, आणि वाद झाला तर दाद मागायची सोयही त्यात आहे. भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क राखून ठेवायची तरतूदही आहे. कायदा करणाऱ्यांना हा प्रसंग आधीच दिसला होता. तरीही आमच्या घरी त्या कलमाचं नाव कुणी घेतलं नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. तात्यांना रायफल उघडून डोळे मिटून जोडता यायची, पण मालकापुढं कोणता कागद ठेवायचा ते माहीत नव्हतं. मला राग आहे तो याचा. ९ ऑक्टोबरला भाषणं होतात, फुलं वाहिली जातात, ती व्हावीतच. त्याबरोबर या एका कलमाचं सोप्या मराठीतलं पान प्रत्येक टीए जवानाच्या हातात आणि तो जिथं काम करतो तिथल्या फलकावर असलं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं.

तात्यांनी दोन वर्षं मिळेल ते काम केलं. २००६ मध्ये टीएतून बाहेर पडले. पेन्शन नाही. जवानाची बोलावणीवरची प्रत्यक्ष सेवा १५ वर्षं भरली तरच टीएत पेन्शन बसते. नाव पटावर किती वर्षं होतं याला तिथं महत्त्व नाही. एकोणीस वर्षं नाव पटावर असूनही तात्यांची ती सेवा पंधरा वर्षांच्या जवळपासही गेली नाही. नियम तसा आहे, तो त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली नाही. मीही इथं करत नाही. फक्त एवढं सांगते, की आमच्या घरात सेवा वर्षांत मोजत नाहीत, दिवसांत मोजतात.

टीए म्हटलं की लोक आता लगेच धोनी म्हणतात. २०११ मध्ये त्याला मानद लेफ्टनंट कर्नल केलं आणि २०१९ मध्ये तो खरोखर काश्मीरमध्ये बटालियनबरोबर राहून आला. तात्यांना त्याचं कौतुक आहे. त्यांच्या मोबाईलमध्ये मात्र फोटो आहे लान्स नायक नझीर अहमद वानी यांचा. १६२ टीए बटालियनचा हा काश्मिरी माणूस. २५ नोव्हेंबर २०१८ ला शोपियानमध्ये दहशतवाद्यांशी लढताना गेला, आणि २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी त्याला मरणोत्तर अशोकचक्र दिलं गेलं. शांततेच्या काळातला देशातला सर्वोच्च शौर्याचा मान टीएच्या माणसाला. त्या दिवशी तात्यांनी टीव्हीपुढं उभं राहून सोहळा पाहिला. आईनं बसा म्हटलं, तरी बसले नाहीत.

टीएची सगळीच माणसं बंदूक घेऊन सीमेवर असतात असंही नाही. १९८२ साली मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी ओरबाडलेल्या डोंगरांवर झाडं लावायला पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली, माजी सैनिकांची. २०१७ मध्ये तशीच एक आपल्या मराठवाड्यात आली, महार रेजिमेंटची १३६ वी, दुष्काळी माळावर झाडं जगवायला. तात्या म्हणतात, हे काम त्यांना मिळालं असतं तर त्यांनी आणखी दहा वर्षं काढली असती.

जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं टीएची दारं स्त्रियांना उघडली. तात्यांनी पेपरातलं कात्रण घडी करून पोस्टानं मला पाठवलं, सोबत चिठ्ठी नाही. माझं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. मी अर्ज केला नाही. कात्रण अजून कपाटात आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात, २०२५ च्या त्या तणावाच्या दिवसांत, मी गावी होते. बातमी आली, की सरकारनं लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिलेत, ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ बोलावणीवर घ्यायच्या. तात्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि माळ्याची शिडी लावली. एकसष्ट वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला नाही बोलावणार आता." म्हणाले, "ठाऊक हाय. ज्यांना बोलावतील त्यांच्या घरात आज काय चाललं असंल, ते आपल्याला ठाऊक हाय म्हणून चढतोय." ट्रंक खाली आली. त्यांनी ती उघडली, बूट काढले, आणि पोतं अंथरून पॉलिश करायला बसले.

ट्रंकेच्या तळाशी त्यांचं सर्व्हिस बुक होतं आणि त्याच्या आत घडी घातलेलं २००२ चं कालनिर्णय. मला वाटलं चुकून राहिलं असेल. उघडलं तर प्रत्येक पानावर आईच्या हातचं काहीबाही. दुधाचा हिशेब, खताची पोती, आणि काही तारखांवर पेन्सिलीनं नुसतं "पा". तात्या बुटावरून नजर न उचलता म्हणाले, "पान्याच्या राती हायत त्या. मीच ठेवलंय ते. मोज बघू."

मी मोजल्या. एक्केचाळीस. सर्व्हिस बुकातल्या त्या वर्षीच्या दिवसांखाली त्यांनी मला तो आकडा पेन्सिलीनं लिहायला लावला.

आई दारात पावटा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. शेंग मोडत म्हणाली, "नदीचं धरलंस. हिरीचं पानी कुठं धरलंस?"